विश्लेषण : पानांची छिद्रे आवळली, तर दुष्काळ सुसह्य होईल? जनुकसंपादित वाणांकडून किती अपेक्षा ठेवावी?

जनुकसंपादन तंत्राने तयार केलेले भाताचे दोन वाण केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी ४ मे २०२५ रोजी नवी दिल्लीत जाहीर केले. असे वाण जाहीर करणारा भारत हा जगातील पहिला देश असल्याचा दावाही त्या वेळी करण्यात आला. त्यांपैकी एकाचे नाव 'पुसा डीएसटी राइस १'. 'डीएसटी' हे दुष्काळ आणि क्षार सहन करण्याच्या क्षमतेशी संबंधित असलेल्या एका जनुकाचे लघुनाम आहे. हे जनुक पानांवरील सूक्ष्म छिद्रांची संख्या आणि त्यांची उघडझाप यांवर प्रभाव टाकते. छिद्रे कमी झाली, की पाण्याचा खर्च कमी होतो आणि पीक कोरड्या दिवसांत अधिक काळ तग धरते, अशी ही कल्पना. ती कितपत खरी आहे, शास्त्रज्ञांच्या हाती आजवर काय लागले आहे आणि कोरडवाहू शेतकऱ्याने यातून कोणती अपेक्षा ठेवावी, याचा हा आढावा.

पर्णरंध्रे म्हणजे काय?

पानाच्या पृष्ठभागावर असलेल्या अतिसूक्ष्म छिद्रांना पर्णरंध्रे म्हणतात. बहुतेक पिकांच्या पानाच्या एका चौरस मिलिमीटरमध्ये अशी शंभर ते काही शे छिद्रे असतात. प्रत्येक छिद्राच्या दोन बाजूंना दोन रक्षक पेशी असतात. त्या पाण्याने फुगल्या, की बाहेरच्या बाजूला वाकतात आणि मधले छिद्र उघडते. त्या सैल पडल्या, की छिद्र मिटते.

या छिद्रांतून झाड हवेतील कार्बन डायऑक्साइड आत घेते. प्रकाशसंश्लेषणासाठी आणि पर्यायाने दाणा भरण्यासाठी तो लागतो. पण छिद्र उघडले, की आतील पाण्याची वाफ बाहेर पडते. हा सौदा झाडासाठी फारच एकतर्फी आहे. हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण जेमतेम ०.०४ टक्के, तर पानाच्या आतील पोकळीत मात्र बाष्प काठोकाठ भरलेले. त्यामुळे भात, गहू, सोयाबीन यांसारख्या पिकांना कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू मिळवण्यासाठी पाण्याचे सुमारे ४०० रेणू गमवावे लागतात. ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस यांची प्रकाशसंश्लेषणाची पद्धत वेगळी असल्याने त्यांचा हा खर्च सुमारे १५० रेणूंपर्यंत खाली येतो. निवडुंग, घायपात, अननस या वनस्पतींनी आणखी वेगळी वाट काढली आहे. त्या आपली रंध्रे प्रामुख्याने रात्रीच्या गारव्यात उघडतात.

मुळांनी शोषलेल्या पाण्यापैकी ९५ टक्क्यांहून अधिक पाणी याच मार्गाने हवेत जाते. याला बाष्पोच्छ्वास म्हणतात. हे सगळे पाणी वाया जाते असे मात्र नाही. मातीतील पाणी आणि त्यासोबतची अन्नद्रव्ये शेंड्यापर्यंत खेचली जातात ती या ओढीमुळेच. शिवाय वाफ होताना पान थंड राहते. भर दुपारी पानाचे तापमान आटोक्यात ठेवणारी झाडाची हीच यंत्रणा.

छिद्रांची संख्या कोण ठरवते?

पान कोवळे असताना त्याच्या वरच्या थरातील कोणत्या पेशीने रक्षक पेशी व्हायचे, याचा निर्णय काही ठरावीक जनुके घेतात. मोहरीच्या कुळातील 'अॅराबिडॉप्सिस' या छोट्या तणावर वनस्पतीशास्त्रज्ञांनी ही साखळी उलगडली. ग्रीक भाषेत 'स्टोमा' म्हणजे तोंड. त्यावरून शास्त्रज्ञांनी या जनुकांना गमतीदार नावे दिली. १९९५ मध्ये वर्णन झालेल्या एका उत्परिवर्तित रोपावर रंध्रांचे पुंजके दिसत होते. त्याचे नाव पडले 'टू मेनी माउथ्स', म्हणजे फार तोंडे. २००६ आणि २००७ मध्ये 'फामा', 'स्पीचलेस' आणि 'म्यूट' ही तीन जनुके समोर आली. 'स्पीचलेस' नसेल तर रंध्र बनण्याची सुरुवातच होत नाही. 'म्यूट' पेशीला पुढच्या टप्प्यावर नेते आणि 'फामा' रक्षक पेशींची जोडी पूर्णत्वाला नेते.

ही तीन जनुके गाडी पुढे ढकलतात, तर 'ईपीएफ' गटातील काही जनुके ब्रेक लावतात. त्यांच्यापासून तयार होणारी छोटी प्रथिने शेजारच्या पेशींना जणू सांगतात, की इथे एक रंध्र झाले आहे, तुम्ही होऊ नका. त्यामुळेच निरोगी पानावर दोन रंध्रे एकमेकांना चिकटलेली सहसा दिसत नाहीत. त्याच गटातील 'स्टोमाजेन' नावाचे प्रथिन उलटे काम करते, रंध्रांची संख्या वाढवते. या दोन विरुद्ध संदेशांच्या तोलावर पानावर किती छिद्रे असतील हे ठरते.

हा तोल कायमचा गोठलेला नसतो. ब्रिटिश वनस्पतीशास्त्रज्ञ इयन वुडवर्ड यांनी १९८७ मध्ये संग्रहालयांत जपून ठेवलेली सुमारे दोनशे वर्षांतील पाने तपासली. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढत गेला तसतशी रंध्रांची घनता सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचे त्यांना आढळले. म्हणजे कमी छिद्रांत भागत असेल, तर झाडे स्वतःच छिद्रे कमी करतात. शास्त्रज्ञ ज्या दिशेने पिकांना नेऊ पाहत आहेत, ती निसर्गाला अपरिचित नाही.

पाणी कमी पडल्याचे पानाला कसे कळते?

छिद्रांची संख्या पान घडतानाच ठरते. ती उघडी ठेवायची की बंद, हा निर्णय मात्र दर तासाला, कधी दर मिनिटाला होतो. जमिनीतील ओल घटू लागली, की झाडात अॅब्सिसिक आम्ल या संप्रेरकाचे प्रमाण वाढते. एरवी रक्षक पेशींतील काही प्रथिने छिद्र मिटवणारी यंत्रणा दाबून ठेवतात. अॅब्सिसिक आम्ल आले, की त्याला पकडणारे ग्राही प्रथिन या दाबून ठेवणाऱ्या प्रथिनालाच जखडते. ही ग्राही प्रथिने २००९ मध्ये ओळखली गेली. दाब सुटला, की 'ओएसटी१' नावाचे प्रथिन मोकळे होते. ते पेशीच्या आवरणातील 'स्लॅक१' ही वाट उघडते. या वाटेने ऋणभारित कण बाहेर पडतात, त्यांच्या मागोमाग पोटॅशियम आणि मग पाणी. रक्षक पेशी सैल पडतात आणि छिद्र मिटते.

'ओएसटी१' सापडले तेही एका साध्या युक्तीने. ज्या रोपात हे जनुक बिघडलेले असते, त्याची छिद्रे पाणी तोडल्यावरही उघडीच राहतात आणि त्यामुळे पान इतरांपेक्षा थंड असते. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याखाली शेकडो रोपे ठेवून अशी थंड रोपे शास्त्रज्ञांनी वेचून काढली. आज पिकावरचा पाण्याचा ताण मोजण्यासाठी ड्रोनवर असेच कॅमेरे बसवले जातात.

पावसाचा खंड पडला, की महाराष्ट्रातील कृषी विद्यापीठे शेतकऱ्यांना पोटॅशियम नायट्रेटची, म्हणजे १३:००:४५ या विद्राव्य खताची फवारणी करण्याचा सल्ला देतात. बाष्परोधक म्हणून केओलिनही सुचवले जाते. रक्षक पेशींची उघडझाप पोटॅशियमच्या ये-जा करण्यावर चालते, हे लक्षात घेतले तर पहिल्या सल्ल्यामागचे कारण कळते. केओलिनचा पांढरा थर ऊन परतवतो आणि पान तापू देत नाही. जे काम आज फवारणीच्या पंपाने काही दिवसांपुरते होते, ते बियाण्यातच बसवता येईल का, हा जनुकशास्त्राचा प्रश्न आहे.

छिद्रे कमी केल्यास पाणी खरेच वाचते का?

प्रयोगांचे उत्तर होकारार्थी आहे. ब्रिटनमधील शेफिल्ड विद्यापीठ आणि फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी 'आयआर ६४' या प्रसिद्ध भाताच्या वाणात ब्रेक लावणारे 'ईपीएफ१' जनुक अधिक कार्यरत केले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कमी रंध्रांच्या या रोपांनी वाढीच्या सुरुवातीच्या एका टप्प्यात नेहमीच्या सुमारे ६० टक्केच पाणी वापरले. वाढीव कार्बन डायऑक्साइडच्या वातावरणात ती दुष्काळात आणि ४० अंश सेल्सिअस तापमानात साध्या रोपांपेक्षा अधिक काळ तगली. त्याआधी २०१७ मध्ये सातूवर असाच प्रयोग झाला आणि दाण्याच्या उत्पादनाला धक्का न लागता पाण्याची बचत दिसली.

दुसरी वाट छिद्रांच्या संख्येला हात न लावता त्यांच्या वागण्यात बदल करण्याची. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातील स्टीफन लाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तंबाखूच्या रोपात प्रकाशाशी संबंधित 'पीएसबीएस' या प्रथिनाचे प्रमाण वाढवले. परिणामी छिद्रे प्रकाशाला प्रतिसाद देताना थोडी कमी उघडू लागली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शेतातील चाचणीत कार्बन डायऑक्साइडच्या तेवढ्याच प्रमाणामागे पाण्याचा खर्च २५ टक्क्यांनी घटला. ही चाचणी कुंडीत नव्हे तर उघड्या शेतात झाली, हे तिचे वैशिष्ट्य.

मग अडचण कुठे आहे?

जे छिद्र पाणी सोडते, तेच अन्नाची सामग्री आत घेते. ते फार आवळले तर झाड जगते, पण उपाशी राहते. २०१९ मध्येच गव्हावर झालेल्या प्रयोगात हे स्पष्ट दिसले. रंध्रांची घनता माफक कमी केलेल्या रोपांचे उत्पादन टिकले, तर ती फारच कमी केलेल्या रोपांचे प्रकाशसंश्लेषण आणि उत्पादन दोन्ही घटले. दुष्काळात झाड वाळले नाही, एवढ्याने शेतकऱ्याचे भागत नाही. त्याला कणसात दाणा हवा असतो. प्रयोगशाळेतील 'तग धरली' आणि शेतातील 'पिकले' या दोन शब्दांत मोठे अंतर आहे.

दुसरी अडचण उष्णतेची. छिद्रे मिटली, की पानाचा गारवा जातो. आपल्याकडे पाण्याचा ताण बहुधा एकटा येत नाही, उन्हाचा ताण सोबत घेऊन येतो. फुलोऱ्याच्या वेळी पान आणि कणीस तापले, तर परागकण निकामी होतात आणि दाणे पोचट राहतात. पाणी वाचवण्याच्या नादात पीक उष्णतेच्या तोंडी देण्याचा धोका म्हणूनच गंभीर आहे.

तिसरी अडचण अधिक मूलभूत आहे. इस्रायली पीकशास्त्रज्ञ अब्राहम ब्लम यांनी २००९ मध्ये असा मुद्दा मांडला, की दुष्काळी भागासाठी वाण निवडताना 'थेंबामागे उत्पादन' हे एकच माप धरले, तर कमी पाणी वापरणारी आणि म्हणून कमी पिकणारी झाडेच निवडली जाण्याची भीती असते. त्यांच्या मते लक्ष्य हवे ते जमिनीतील उपलब्ध ओल पूर्णपणे आणि योग्य वेळी वापरण्याचे. खोल जाणारी मुळे हे काम करतात. त्यामुळे छिद्रांची चर्चा मुळांना वगळून करता येत नाही.

सगळे दुष्काळ सारखे असतात का?

नाही, आणि या विषयाची खरी गोम इथेच आहे. सोलापूर, मंगळवेढा, बार्शी पट्ट्यातील रब्बी ज्वारी परतीच्या पावसानंतर पेरली जाते. त्यानंतर पाऊस जवळजवळ नसतोच. काळ्या भारी जमिनीने साठवलेल्या ओलीवरच पीक काढायचे असते. अशा पिकाने सुरुवातीला हात राखून पाणी खर्च केले, तर दाणा भरण्याच्या वेळी जमिनीत काही शिल्लक राहते. इथे कंजूष झाडाचा फायदा होतो.

ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संस्थेने २००२ मध्ये 'ड्राइसडेल' हा गव्हाचा वाण आणला, तो नेमका अशाच परिस्थितीसाठी. पानांतील कार्बनच्या दोन समस्थानिकांचे प्रमाण मोजून कमी पाण्यात अधिक पिकणारी रोपे त्यासाठी पारंपरिक पैदास पद्धतीने निवडण्यात आली होती. ज्वारीतही 'स्टे ग्रीन' म्हणजे शेवटपर्यंत पान हिरवे ठेवणाऱ्या गुणाचा अभ्यास झाला आहे. या गुणाची झाडे फुटवे कमी करतात, पानांचा पसारा आटोपशीर ठेवतात आणि वाचलेले पाणी फुलोऱ्यानंतर वापरतात. आपल्याकडील मालदांडी ३५-१ हा वाण तर मोहोळ येथे स्थानिक मालदांडीतून निवडला गेला. तेव्हा जनुक हा शब्दही शेतकऱ्यांच्या कानावर नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांनी कोरड्या रब्बीत जे कणीस राखून ठेवले, त्यातच ही जनुके जपली गेली.

विदर्भ-मराठवाड्यातील खरीप सोयाबीन किंवा कापसाचे चित्र वेगळे आहे. तिथे पाऊस येतो, मग दोन-तीन आठवडे दडी मारतो आणि पुन्हा येतो. अशा वेळी सततची कंजुषी तोट्याची ठरते. ओल असताना भरपूर वाढणारे, खंडात छिद्रे झटकन मिटणारे आणि पाऊस पडताच ती तितक्याच झटकन उघडणारे झाड इथे हवे. छिद्रांची संख्या नव्हे, तर त्यांची चपळाई महत्त्वाची ठरते. हलक्या, उथळ जमिनीत साठवलेली ओलच कमी असते. तिथे लवकर तयार होणारा वाण हाच उपाय. म्हणून 'दुष्काळ सहन करणारा वाण' असे नुसते म्हणणे अपुरे आहे. कोणत्या जमिनीतला आणि हंगामाच्या कोणत्या टप्प्यावरचा दुष्काळ, हे पाकिटावर लिहिलेले हवे.

'पुसा डीएसटी राइस १' मध्ये नेमका काय बदल केला?

'डीएसटी' जनुकाचे काम २००९ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. हे जनुक एरवी छिद्रे मिटू न देण्याच्या बाजूने काम करते. ते निकामी केले, की रक्षक पेशींत हायड्रोजन पेरॉक्साइड साचते, छिद्रे अधिक मिटतात आणि त्यांची संख्याही घटते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी 'एमटीयू १०१०' या वाणात क्रिस्पर तंत्राने हेच जनुक संपादित केले. आंध्र प्रदेशातील मारुतेरू संशोधन केंद्राचा हा वाण पूर्व विदर्भातील धान उत्पादकांनाही '१०१०' या नावाने परिचित आहे. संपादित रोपांची पाने रुंद झाली, त्यांवरील रंध्रांची घनता घटली आणि पानांत पाणी अधिक काळ टिकले, असे या गटाने २०२० मध्ये प्रसिद्ध केले होते.

दुसरा वाण 'डीआरआर धान १००' अर्थात 'कमला' हा हैदराबादच्या भारतीय भात संशोधन संस्थेने 'सांबा मसुरी'पासून तयार केला आहे. त्यात कणसातील दाण्यांच्या संख्येशी निगडित जनुक बदलले आहे. मूळ वाणापेक्षा १९ टक्के अधिक उत्पादन आणि सुमारे २० दिवस लवकर पक्वता, असा त्याचा दावा आहे. इथे पाण्याची बचत छिद्रांमुळे नव्हे, तर पीक शेतात कमी दिवस राहिल्याने होते.

'पुसा डीएसटी'बाबत एक बारकावा महत्त्वाचा. नावात दुष्काळ असला, तरी जाहीर झालेली उत्पादनवाढीची टक्केवारी प्रामुख्याने क्षारपड आणि चोपण जमिनींची आहे. ती साधारण साडेनऊ टक्क्यांपासून किनारपट्टीच्या खाऱ्या जमिनीत ३० टक्क्यांपर्यंत जाते. कोकणातील खारजमीन किंवा गोव्यातील खाजन शेतीच्या दृष्टीने हे आकडे दखलपात्र ठरतात. पण कोरडवाहू शेतकऱ्याने त्यांचा अर्थ 'पाऊस नसला तरी ३० टक्के जास्त पीक' असा लावू नये.

हे 'जीएम' पीक आहे का?

बीटी कापसात जिवाणूचे जनुक कापसात घातलेले आहे. या भातात बाहेरचे कोणतेही जनुक अंतिम रोपात राहत नाही. त्याच्याच जनुकातील काही अक्षरे कापून ते निकामी केलेले असते. असा बदल निसर्गतःही घडू शकतो, असा शास्त्रज्ञांचा युक्तिवाद आहे. मार्च २०२२ मध्ये केंद्राने बाहेरचे जनुक नसलेल्या अशा संपादित पिकांना १९८९ च्या जैवसुरक्षा नियमांतील कठोर तरतुदींतून सूट दिली. संस्थेच्या पातळीवरील जैवसुरक्षा समितीने बाहेरचा अंश उरलेला नाही याची खातरजमा करणे मात्र आवश्यक आहे.

या सुटीमुळे संशोधनाला वेग आला. पण परवानगी सोपी झाली, की पारदर्शकतेची जबाबदारी वाढते. २०२५ च्या अखेरीस 'कोअलिशन फॉर अ जीएम-फ्री इंडिया' या गटाने अखिल भारतीय समन्वित भात संशोधन प्रकल्पाच्या अहवालांचाच आधार घेऊन दोन्ही वाणांच्या दाव्यांवर आक्षेप घेतले. भारतीय कृषी संशोधन परिषदेने ते फेटाळून लावले. या वादात कोण बरोबर, हे घोषणा-प्रतिघोषणांनी ठरणार नाही. २०२३ आणि २०२४ या दोन हंगामांतील प्रत्येक केंद्राची मूळ आकडेवारी, त्या केंद्रावरील पाऊस आणि जमिनीचा प्रकार यांसह सर्वांसाठी खुली करणे, हाच त्यावरील सरळ मार्ग आहे. सार्वजनिक पैशातून झालेल्या संशोधनाबाबत ही मागणी अवाजवी नाही. क्रिस्पर तंत्राची पेटंटे परदेशी संस्थांकडे आहेत. त्यामुळे बियाण्याची किंमत आणि ते राखून पुन्हा पेरण्याचा शेतकऱ्याचा हक्क यांबाबतही सरकारने लेखी स्पष्टता द्यायला हवी.

शेतकऱ्याने काय अपेक्षा ठेवावी?

छिद्रे आवळणारे जनुक पाणी निर्माण करत नाही. असलेले पाणी आज खर्चायचे की आठ दिवसांनी, एवढाच निर्णय ते बदलते. हे आठ दिवस कधी कधी फार मोलाचे असतात. खंड दहा दिवसांचा असेल, तर तेवढ्या तगण्याने हंगाम वाचू शकतो. खंड महिन्याचा असेल, तर कोणतेही जनुक पुरे पडणार नाही. बोंडअळीपुरते बनवलेले बियाणे सर्व संकटांवरचा उपाय म्हणून विकले गेले, तेव्हा काय घडले हे विदर्भातील कापूस उत्पादकांनी अनुभवले आहे. भाताच्या, गव्हाच्या किंवा उद्या येऊ शकणाऱ्या सोयाबीनच्या वाणाबाबत तसे होऊ नये, ही जबाबदारी शास्त्रज्ञांपेक्षा जाहिरात करणाऱ्यांची आणि धोरणकर्त्यांची अधिक आहे.

वाचलेले पाणी कुठे जाते, हेही पाहावे लागेल. तण माजलेल्या, उघड्या शेतात पिकाने राखलेली ओल तण आणि ऊनच घेऊन जातात. आच्छादन, बांधबंदिस्ती आणि जमिनीतील सेंद्रिय कर्ब नसेल, तर जनुकाची बचत मातीत टिकत नाही. कालव्याच्या पट्ट्यात एका पिकाने वाचवलेले पाणी उसाचे क्षेत्र वाढवण्यात गेले, तर टंचाई जिथल्या तिथे राहते.

तरीही हे संशोधन थांबवण्याचे कारण नाही. उलट ते आपल्या पिकांकडे आणि आपल्या दुष्काळाकडे वळवण्याची गरज आहे. बारामतीजवळ माळेगाव येथे अजैविक ताणांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था आहे, सोलापुरात रब्बी ज्वारीवरील संशोधनाची परंपरा आहे, चार कृषी विद्यापीठे आहेत. ज्वारी, तूर, हरभरा आणि सोयाबीन यांच्या स्थानिक वाणांत छिद्रांची संख्या, त्यांची चपळाई आणि मुळांची खोली यांत किती वैविध्य आहे, याची पद्धतशीर नोंद या संस्थांनी एकत्रितपणे केली, तर जनुकसंपादनाला नेमके काय बदलायचे हे कळेल. कदाचित अनेक ठिकाणी संपादनाची गरजही भासणार नाही, चांगली निवडच पुरेशी ठरेल.

नव्या वाणाच्या पाकिटावर तीन गोष्टी स्पष्ट लिहिणे सरकारने बंधनकारक करावे : चाचणी कोणत्या जमिनीत झाली, पावसाचा खंड किती दिवसांचा होता आणि चांगल्या पावसाच्या वर्षी हा वाण मूळ वाणापेक्षा किती कमी किंवा जास्त पिकला. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे, कारण कंजूष झाडाची किंमत चांगल्या वर्षीच मोजावी लागते. ही माहिती हाती असेल, तर कोणता वाण आपल्या शेताला मानवेल याचा निर्णय शेतकरी स्वतः घेऊ शकतो. ती नसेल, तर तो पुन्हा एकदा जाहिरातीच्या भरवशावर पेरणी करेल.